हॉर्नचं घराणं

जुनी पिकअप घ्यायला गेलेला माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, वाकून चासीचा गंज बघतो, दरवाजे उघडमीट करतो, मागचा हौदा ठोकून बघतो. हॉर्न दाबून बघायचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मग गाडी घरी आणताना पहिल्याच चौकात कुणी आडवं येतं, तळहात सवयीने स्टिअरिंगच्या मध्यावर पडतो आणि काहीच होत नाही. दीड-दोन टनांचं धूड रस्त्यावरून चाललंय आणि त्याला वाचा नाही.

ब्रेक गेले तर गाडी कुणी जागची हलवत नाही. हॉर्न गेला तर महिनोन्‌महिने तशीच चालवतात. ही बेफिकिरी मला कधी पटलेली नाही. हॉर्न चालवणाऱ्याच्या सोयीचा नसतोच, तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी असतो, आणि बहुधा म्हणूनच दुरुस्तीच्या यादीत तो शेवटी जातो. पण मुका हॉर्न बोलता करायला बसलं की एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या हॉर्नमध्ये हात आणि आवाज एकमेकांना चिकटून होते. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ते एकमेकांपासून लांब गेले आणि त्या अंतरात एकेक सांधा येत गेला: बटण, पडदा, पॉइंट, रिले, अर्थ. प्रत्येक सांधा कुणीतरी, कुठल्यातरी खऱ्या अडचणीवर उतारा म्हणून घातलेला आहे. आणि जुन्या गाडीचा हॉर्न बंद पडतो तो नेमका यांपैकी एका सांध्यात. म्हणून त्याची दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा इतिहास उपयोगी पडतो.

यंत्राने चालणाऱ्या गाडीच्या पुढे आधी चक्क माणूस चालत होता. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या वाफेच्या गाड्यांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढीच मुभा दिली होती आणि गाडीच्या ६० यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला माणूस ठेवायला लावला होता. निशाणाची सक्ती पुढे सैल झाली, माणूस मात्र राहिला. १८९६ मध्ये नवा कायदा आला, हलक्या गाड्यांची वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर गेली आणि पुढे चालणारा माणूस गेला. त्याच कायद्यात एक कलम होतं: गाडीवर घंटा किंवा गाडी येत असल्याची पुरेशी वर्दी ऐकू जाईल असं दुसरं साधन असलंच पाहिजे. त्या माणसाचं काम हॉर्नकडे आलं ते असं.

त्याआधीच्या वाहनांना याची एवढी गरज नव्हती. टपाल घेऊन धावणाऱ्या हलकाऱ्याच्या काठीला घुंगरं असत, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असत, घोड्यांच्या टापा वाजत. चाल सुरू झाली की आवाज आपोआप सुरू व्हायचा. त्यासाठी कुणाला काही ठरवावं लागत नव्हतं. मोटारीत पहिल्यांदाच इशारा ही चालवणाऱ्याने ठरवून करायची कृती झाली. ती कृती कशी करायची, कुठला हात कुठे न्यायचा, यावर पुढची चार दशकं लोकांनी डोकं लढवलं.

सुरुवातीचं उत्तर साधं होतं: पितळेचं वळसेदार नळकांडं, त्याच्या मुळाशी पातळ पत्ती आणि शेवटाला रबराचा फुगा. फुगा दाबला की हवा पत्तीवरून जाते, पत्ती थरथरते, नळकांडं तो आवाज मोठा करतं. महाराष्ट्राला हा पोंगा परका नाही. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी गेली आणि पुढे कित्येक वर्षं एसटीच्या ड्रायव्हरच्या खिडकीशी असा रबरी पोंगा असे. मुंबईच्या रिक्षांनीही तो पुष्कळ वाजवला. दुरुस्तीच्या दृष्टीने याच्याइतका सरळ हॉर्न पुन्हा झाला नाही. रबर फाटलं तर दिसतं, पत्तीत कचरा गेला तर फुंकून निघतो. तिथे करंट नाही, वायर नाही, काही लपलेलं नाही.

अडचण हाताची होती. फुगा दाबायला हात स्टिअरिंगवरून काढावा लागे, आणि जिथे हॉर्न लागतो तिथेच दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे असतात. शिवाय इंजिनं दणदणीत, वेग वाढता. फुग्याची पों-पों समोरच्याला उशिरा ऐकू जायची. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने यावर इंजिनाच्या धुराचाच दाब वापरणारा हॉर्न काढला. पायाने कळ दाबली की धूर सायलेन्सरकडे जाण्याऐवजी पितळी नळ्यांतून जायचा. ‘गेब्रियल हॉर्न’ या नावाने तो विकला गेला. आवाज गोड होता म्हणतात, पण काजळीने नळ्या भरणार हे उघड होतं आणि इंजिन मंद असलं की आवाजही मंद. हे साधन फार टिकलं नाही. मात्र ‘हाताने हवा दाबायची नाही, गाडीतली शक्ती वापरायची’ हा विचार टिकला.

तो विचार खऱ्या अर्थाने तडीस नेला मिलर रीझ हचिसन या अमेरिकन संशोधकाने. अलाबामात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाचं आधीचं काम ऐकू न येणाऱ्यांसाठी होतं: विजेवर चालणारं श्रवणयंत्र त्याने केलं होतं. कमी ऐकू येणाऱ्या कानापर्यंत आवाज पोचवायचा कसा, यावर ज्याने वर्षं घालवली, त्यानेच गोंगाटातून वाट काढणारा हॉर्न करावा हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. प्रश्न तोच, फक्त कान रस्त्यावरचा. पुढे तो एडिसनच्या प्रयोगशाळेत मुख्य अभियंता झाला, आणि एडिसनला स्वतःलाही कमी ऐकू येत असे.

हचिसनचा हॉर्न न्यूअर्कच्या लव्हेल-मकॉनेल कंपनीने १९०८ च्या सुमारास ‘क्लॅक्सन’ नावाने बाजारात आणला. रचना अशी: पोलादाचा एक पातळ पडदा, त्याच्या मध्यावर घट्ट बसवलेला रिव्हेट आणि त्या रिव्हेटला घासत फिरणारं दातेरी चाक. चाक फिरवायला छोटी विजेची मोटर. प्रत्येक दाता रिव्हेटला ढकलतो, पडदा आत जातो, सुटतो, पुन्हा आत जातो. बटण दाबल्यावर मोटर हळू सुरू होऊन वेग घेते म्हणून सूर खालून वर चढतो. बटण सोडल्यावर ती थांबत जाते म्हणून सूर उतरतो. जुन्या सिनेमांतल्या मोटारींचा तो ‘आऽऊऽगा’ म्हणजे एका मोटरचं वेग घेणं आणि वेग सोडणं आहे. हा आवाज कानाला गोड नव्हता आणि तसा असावा अशी अपेक्षाही नव्हती. निसर्गात असा आवाज नाही, म्हणून तो ऐकल्यावर माणूस दचकतोच. पहिल्या महायुद्धात खंदकांत विषारी वायूची सूचना द्यायला हाताने दाबायचे क्लॅक्सन वापरले गेले. पुढे अमेरिकन पाणबुड्यांत बुडी मारण्याचा इशाराही याच जातीच्या भोंग्याने दिला जाई.

पिकअप या वाहनाचा जन्म याच काळातला. फोर्डने १५ एप्रिल १९२५ रोजी मॉडेल टी च्या दोन आसनी गाडीला मागे छोटा हौदा लावून कारखान्यातूनच विकायला काढलं, किंमत २८१ डॉलर. मॉडेल टी वर आधी रबरी फुगा होता. १९१५ च्या सुमारास त्याच्या जागी इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालणारा विजेचा हॉर्न आला. म्हणजे इंजिन बंद तर हॉर्नही बंद. आज कुणाची मॉडेल टी अंगणात उभी असताना हॉर्न देत नसेल तर बिघाड शोधण्याआधी इंजिन सुरू करावं. ती गाडी तशीच घडवलेली आहे. तिच्यामागून १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए वर मात्र मोटरचा हॉर्न होता, आणि त्याचं बटण स्टिअरिंगच्या अगदी मध्यावर. अंगठ्याने दाबायचं, हात जागचा हलवायचा नाही. फुग्याची मूळ अडचण तिथे मिटली.

मॉडेल ए चा मुका हॉर्न उघडणं हे फार समाधानाचं काम आहे. मागचं झाकण काढलं की मोटर समोर दिसते. वर्षानुवर्षांत वंगण सुकून घट्ट झालेलं असतं, ब्रश झिजलेले असतात, कॉम्युटेटर काळा पडलेला असतो. मोटर बोटाने फिरवून बघायची. अडखळली तर रॉकेलने धुऊन, बारीक पॉलिश पेपरने कॉम्युटेटर उजळून, तेलाचा एक थेंब देऊन ती मोकळी होते. चाकाचा दाता आणि रिव्हेट यांच्यातलं अंतर मागच्या स्क्रूने जुळवायचं. जवळ गेलं तर मोटर अडकते, लांब गेलं तर नुसती गुणगुण ऐकू येते. शंभरीला आलेलं यंत्र तासाभरात बोलायला लागतं, कारण त्यातला प्रत्येक भाग उघडता यावा असा केलेला आहे.

पण क्लॅक्सन महाग पडत होता, त्यात मोटर होती, ब्रश होते. १९३० च्या दशकात त्याला बाजूला सारणारा हॉर्न एका फार जुन्या युक्तीवर उभा होता. फ्रँकफर्टच्या योहान फिलिप वॅग्नरने १८३० च्या दशकात एक विद्युत हातोडी केली होती: विद्युतचुंबक लोखंडी पट्टीला ओढतो, ओढताच पट्टीमुळेच वीज तुटते, चुंबक सुटतो, पट्टी मागे येते, वीज पुन्हा जुळते. दारावरची विजेची घंटा याच तत्त्वावर वाजते. हॉर्नमध्ये हातोडीऐवजी पडदा आला आणि वेग वाढला. आज आपण ज्याला हॉर्न म्हणतो त्यात सेकंदाला सुमारे चारशे वेळा दोन पॉइंट चिकटतात आणि सुटतात. बर्मिंगहॅमचे ऑलिव्हर लुकस, जर्मनीतली बॉश, मिशिगनमधल्या जॅक्सनची स्पार्टन अशा अनेकांनी विजेच्या हॉर्नची घडण केली. लुकस हे नाव भारतात १९६१ पासून मद्रासच्या लुकस-टीव्हीएसमुळे गॅरेजागॅरेजांत पोचलं.

म्हणून मुक्या हॉर्नची तपासणी मी नेहमी आवाजाच्या टोकाकडून सुरू करायला सांगतो. पुढच्या जाळीमागे हॉर्न शोधावा, त्याची वायर काढावी आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून, मध्ये फ्यूज असलेली एक वेगळी वायर थेट त्याच्या टोकाला लावावी. वाजला तर हॉर्न निरोगी आहे. नुसता ‘टक’ झाला तर पडदा ओढला गेला पण पॉइंट सुटत नाहीत, किंवा पडदा गंजून जखडला आहे. लाकडी मुठीने हलकेच ठोकल्यावर पुष्कळदा तो सुटतो. काहीच झालं नाही तर पॉइंटवर काजळी आहे किंवा आतली तार तुटली आहे. मागे लाखेने बंद केलेला एक लहान स्क्रू असतो. तो पॉइंटचं अंतर ठरवतो. थोडा-थोडा, अष्टमांश वळणाने फिरवायचा आणि दर वेळी एक क्षणच वीज द्यायची. मधोमध मोठा नट असेल तर त्याला हात लावू नये, तो पडदा आणि चुंबक यांच्यातलं अंतर धरून असतो आणि एकदा बिघडलं की जुळवणं कठीण. शंखासारखा वळलेला हॉर्न असेल तर त्याच्या तोंडात आधी टॉर्च मारून बघावं. शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीच्या हॉर्नमध्ये कुंभारमाशी मातीचं घर करते, आणि मग सगळं ठीक असूनही आवाज बाहेर येत नाही.

थेट करंट दिल्यावरही वाजला नाही म्हणून हॉर्न फेकून देण्याआधी आणखी एक वायर लावायची: हॉर्नच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. बहुतेक जुन्या हॉर्नांना एकच वायर असते. परतीचा रस्ता म्हणजे हॉर्नचा ब्रॅकेट, त्याचा बोल्ट आणि गाडीचा पत्रा. याला गॅरेजमध्ये बॉडी अर्थ म्हणतात. नवीन रंग दिलेली पिकअप मुकी होते ती बहुधा इथेच. हौसेने सगळं खरवडून रंगवलं जातं, ब्रॅकेटखालीही रंग जातो आणि रंगातून वीज जात नाही. बोल्टखालचा रुपयाएवढा भाग पत्रा उघडा करून घासावा, दातेरी वॉशर घालावा, वरून ग्रीस लावावं.

व्होल्टेजचा घोळही जुन्या पिकअपचा खास. फोर्डच्या गाड्या १९५५ पर्यंत सहा व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, १९५६ मध्ये त्या बारा व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ झाल्या. शेवरले १९५५ मध्ये बारावर गेली. आज अशा कितीतरी जुन्या गाड्यांत मालकांनी बारा व्होल्टची बॅटरी बसवलेली असते आणि हॉर्न मात्र मूळचा सहाचा राहतो. तो काही दिवस जोरात किंचाळतो आणि मग आतली गुंडाळी जळते. उलट सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा हॉर्न घातला तर तो घोगरतो किंवा गप्प राहतो. आपल्याकडे महायुद्धानंतर आलेल्या विलिज जीपही सहा व्होल्टच्या होत्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून महिंद्राने मुंबईत ज्या जीप जोडायला घेतल्या त्यांचं हे मूळ. असा वारसा असलेल्या गाडीवर काम करताना हॉर्नच्या पाठीवर कोरलेला आकडा आधी वाचावा.

आता रिले. दोन हॉर्न एकत्र वाजवायची पद्धत १९३० च्या दशकात रुळली आणि तिने नवी अडचण उभी केली. एक हॉर्न सहज पाच अँपियर ओढतो, दोन मिळून दहा. एवढी वीज स्टिअरिंगच्या मध्यातल्या नाजूक बटणातून नेली तर ठिणगी पडून बटण जळणार, आणि लांब बारीक वायरीत व्होल्टेज गळून हॉर्नपाशी पोचेपर्यंत तो दुबळा होणार. उपाय तयार होता, शंभर वर्षांपूर्वीच्या तारायंत्रात. लांबून आलेल्या क्षीण करंटने एक छोटा चुंबक ओढायचा आणि त्या चुंबकाने जवळच्या बॅटरीचा जोरकस प्रवाह सोडायचा. तारखात्याची ती युक्ती मोटारीच्या बॉनेटखाली आली. बटणातून आता अँपियरचा जेमतेम काही भाग जातो, बाकीचा भार रिले उचलतो.

अमेरिकन पिकअपच्या जुन्या रिलेवर बहुधा तीन खुणा असतात: बी म्हणजे बॅटरी, एस म्हणजे स्विच, एच म्हणजे हॉर्न. हे ज्याला कळलं त्याचं निम्मं काम तिथेच उभ्या-उभ्या होतं. टेस्ट लॅम्पने बी वर करंट आहे का बघावं. नसेल तर फ्यूज किंवा मुख्य वायर. मग एस ला वायरचा तुकडा लावून तो पत्र्याला टेकवावा. ‘टक’ होऊन हॉर्न वाजला तर रिले, हॉर्न, वायर सगळं चांगलं आहे आणि दोष स्टिअरिंगकडे आहे. ‘टक’ झाला पण हॉर्न गप्प राहिला, तर बी आणि एच क्षणभर जोडून बघावेत; तेव्हा वाजला तर रिलेचे पॉइंट जळाले आहेत. जनरल मोटर्सच्या १९६० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले हा बाकीच्या गाडीला वीज वाटून देणारा थांबाही असे. त्यामुळे तिथला गंजका जोड हॉर्नपुरता राहत नाही, दिवेही मंद होतात. अशा रिलेला हात लावण्याआधी बॅटरी सोडवावी.

इथे मीटरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण यात चांगले चांगले लोक फसतात. वायर आतून सडून एकच तंतू शिल्लक राहिला असला तरी डिजिटल मीटर तिथे बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. हॉर्न लावला की तेच बारा तीनवर येतात. म्हणून तपासणीला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब चांगला. तो पावणेदोन अँपियर ओढतो आणि फिका पेटला तर वायर दोषी आहे हे लगेच सांगतो.

सर्वांत कठीण आणि मला सर्वांत जास्त आवडणारा भाग स्टिअरिंगचा. रिलेपासून निघालेली वायर स्थिर आहे, बटण मात्र चाकाबरोबर फिरतं. फिरत्या आणि स्थिर भागांत वीज न्यायची कशी? चाकाच्या मागे पितळी कडं बसवलं आणि त्यावर स्प्रिंगच्या जोराने टेकणारा छोटा पितळी ठोकळा दिला. चाक कितीही फिरलं तरी ठोकळा कड्यावर घासत राहतो. बटण दाबलं की ही वायर स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणजे अर्थला टेकते आणि रिलेचा मार्ग पूर्ण होतो. सगळी वीज बटणातून न नेता फक्त अर्थ जोडून द्यायची, या मांडणीत वरपर्यंत एकच वायर पुरते. तिची खोट अशी की ती वायर कुठे घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, तर हॉर्न थांबतच नाही. अखंड वाजणारा हॉर्न आणि मुका हॉर्न यांचं दुखणं अनेकदा एकाच वायरीत असतं.

ठोकळा झिजतो, स्प्रिंग बसते, कड्यावर ग्रीसचा काळा थर चढतो. हे सगळे दोष चाक काढल्यावर दिसतात. न दिसणारा दोष वेगळाच आहे, आणि त्यावर लोक दिवसच्या दिवस घालवतात. १९६० च्या दशकापासून अनेक अमेरिकन गाड्यांत रस्त्याचे हादरे हाताला लागू नयेत म्हणून स्टिअरिंगच्या दांड्यात, गिअर बॉक्सच्या जवळ, रबर आणि कॅनव्हासची चकती बसवली गेली. चालवणाऱ्याला आराम मिळाला, पण रबराने वरचा दांडा खालच्या लोखंडापासून विजेच्या दृष्टीने तोडून टाकला. बटण दाबलं तर ते अर्थ आणणार कुठून? म्हणून त्या चकतीत तांब्याची जाळी किंवा बाजूने एक पट्टी दिलेली असते. चकती बदलताना स्वस्तातली, जाळी नसलेली बसवली, किंवा पट्टी तुटली की हॉर्न कायमचा गप्प. बटण, रिले, हॉर्न तिन्ही ठणठणीत असताना. परीक्षा सोपी आहे: एक लांब वायर घेऊन तिचं एक टोक वरच्या दांड्याला आणि दुसरं पत्र्याला धरायचं आणि बटण दाबायचं. वाजला तर चकतीच्या दोन बाजू जोडणारी तांब्याची वेणी लावावी. स्टिअरिंगची सहजता आणि हॉर्नचा आवाज एकमेकांच्या आड कसे येतात, हे ती वेणी लावताना हाताला कळतं.

एअरबॅग आल्यावर कडं आणि ठोकळा दोन्ही गेले. फोर्ड एफ-१५० आणि डॉज रॅम या पिकअपना १९९४ मध्ये ड्रायव्हरपुढे एअरबॅग मिळाली. तिथे गुंडाळलेल्या पट्टीसारखी वायर चाकाबरोबर उलगडते आणि गुंडाळते. ती तुटली की हॉर्न जातो आणि बरेचदा एअरबॅगचा दिवाही पेटतो. अशा स्टिअरिंगला बॅटरी सोडवून, सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय हात लावू नये, आणि सवय नसेल तर लावूच नये.

स्टिअरिंगमधला दोष सापडला नाही की डॅशबोर्डवर घंटीचं बटण लावून मोकळं व्हायचं, ही तोड आपल्याकडच्या जुन्या जीप, टेम्पो आणि पिकअपमध्ये सर्रास दिसते. मी तिच्या विरोधात आहे. हात चाकावरून काढून बाजूला न्यायचा, तोही नेमका अडचणीच्या क्षणी, म्हणजे मॉडेल ए ने अंगठ्यापाशी आणून ठेवलेली सोय परत रबरी फुग्याच्या जागी नेऊन ठेवणं आहे.

आवाज किती असावा, याचं भांडण हॉर्नइतकंच जुनं. १८९६ च्या कायद्याने वाजवायला लावलं, आणि १९३४ मध्ये ब्रिटनमध्येच परिवहनमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला बंदी घातली. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे आणि कर्कश हॉर्न नाकारतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्यांदा एक हजार आणि पुन्हा दोन हजार रुपये दंड आहे. ट्रकांच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये बंद केलं, आणि २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिवा लांबवणारे सिग्नल दाखवले. हे सगळं योग्यच आहे. पण गोंगाटाला वैतागून हॉर्न काढूनच टाकणं हा त्यावरचा इलाज होऊ शकत नाही. घाटातल्या आंधळ्या वळणावर त्याला पर्याय नाही.

काढून टाकलेला हॉर्न ही जुन्या पिकअपची दुसरी मोठी तक्रार. जाळीमागे ब्रॅकेट रिकामा, वायरीचं टोक चिकटपट्टीत गुंडाळलेलं. अशा वेळी बाजारातला प्रेशर हॉर्न लावायचा मोह आवरावा. मूळ जोडीच्या जागी जोडीच हवी, खालच्या आणि वरच्या सुराची. बाजारात मिळणाऱ्या जोड्यांवर साधारण ४०० आणि ५०० असे आकडे असतात. हे चार-पाचचं प्रमाण म्हणजे षड्ज आणि शुद्ध गांधार. तो जुळलेला सूर दचकवत नाही, पण गर्दीतून वेगळा ऐकू येतो. दोनांपैकी एक गप्प असेल तर गाडीचा आवाज पातळ लागतो, आणि मालकाला वाटतं की बॅटरी उतरली.

भंगारात त्याच काळाचा हॉर्न मिळाला तर तोच घ्यावा, पण कडेने बघून. जुन्या हॉर्नच्या कडेला स्क्रू असतात, ते सोडवून पडदा आणि पॉइंट साफ करता येतात. नंतरच्या हॉर्नांची कड दाबून किंवा रिव्हेटने बंद केलेली असते आणि ती उघडली की पुन्हा नीट बसत नाही. उघडताना पडदा आणि कड यांवर खूण करून ठेवावी, मधला कागदी गॅस्केट फाटला तर त्याच जाडीचा कापून घालावा, कारण पडदा आणि चुंबक यांच्यातलं अंतर तो कागदच ठरवतो. बसवताना तोंड किंचित खाली आणि पुढे, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. आणि स्क्रूची शेवटची जुळणी दोनदा करावी, एकदा इंजिन बंद ठेवून आणि एकदा चालू करून. बंद गाडीत बॅटरी साडेबारा व्होल्ट देते, चालू गाडीत चौदाच्या आसपास, आणि एकाच व्होल्टेजला जुळवलेला हॉर्न दुसऱ्याला घोगरा बोलतो.